दोन अंश ऊब

"आई, ती पिवळी पडली," सून स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाली.

सिस्टरांनी हातातलं दुधाचं पातेलं ओट्यावर टेकवलं आणि विचारलं, "कितव्या दिवशी?"

विचारल्यावर त्यांच्याच लक्षात आलं. सगळी नोकरी नवजात बाळांच्या वॉर्डात गेलेली. तिथे कुणी पिवळं पडलं म्हटलं की तोंडातून पहिला प्रश्न हाच यायचा. सिस्टर निवृत्त झाल्या, पण जीभ काही निवृत्त झाली नव्हती. सुनेला हसू आलं. मग सिस्टरांनाही आलं. जवळजवळ वर्षभराने या घरात कुणी हसलं होतं. हसून झाल्यावर दोघींनाही चोरी केल्यासारखं वाटलं आणि दोघी बाहेरच्या खोलीत गेल्या.

भिंतीला लागून लोखंडी मांडणी होती. तिच्यावरच्या बाकी सगळ्या काचेच्या टाक्या रिकाम्या, धुऊन पालथ्या घातलेल्या. एकीतच पाणी होतं, आणि तेही वाळक्या पानांमुळे कोऱ्या चहाच्या रंगाचं. तळाशी मातीची छोटी कुंडी पालथी ठेवलेली होती. तिच्या काठाचा टवका उडाला होता, तेवढंच आत जायचं दार. त्या दारात माशाची मादी उभी होती. बोटाच्या दोन पेरांएवढी. एरवी तिचा रंग असा मळकट की पानांच्या ढिगात शोधावी लागे. आज ती पिवळीधमक झाली होती आणि जागची हलत नव्हती.

"आत अंडी असणार," सून म्हणाली. "अंडी राखायला लागली की ती अशी होते, असं तो सांगायचा."

तो म्हणजे सिस्टरांचा मुलगा, हिचा नवरा. दोघी त्याला नुसतं 'तो'च म्हणत. नाव घेतलं की पुढचं वाक्य होत नसे.

तो इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करायचा. दिवसभर त्या अंधाऱ्या विहिरींतून वर-खाली करून घरी आला की कोपरापर्यंत ग्रीस धुवायचा आणि टाक्यांपुढे जमिनीवर बसकण मारायचा. त्याचं वेड एकाच जातीचं, बुटके सिक्लिड. पाहुण्यांना दाखवावेत असले हे मासे नव्हेत. यांना बघायचं तर आपणच खाली बसायला लागतं. किती तरी पिढ्या निवडून निवडून त्याने नरांच्या शेपटीला वर-खाली दोन लाल रेघा आणल्या होत्या. शौकीन लोक ती शेपटी लांबून ओळखत. सिस्टर कुरकुरायच्या की हे घर आहे का पाणवठा. एकदा जेवताना त्या बोलून गेल्या की या घरात सगळ्यांना पिल्लं होतात, फक्त माणसांना सोडून. मुलगा आणि सून एकमेकांकडे बघून म्हणाले होते, पुढच्या वर्षी बघू. जन्मभर दुसऱ्यांची बाळं हाताळलेल्या बाईने ते पुढचं वर्ष मनात पक्कं धरून ठेवलं होतं.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी तो कुणाची तरी अडकलेली लिफ्ट सोडवायला निघाला आणि धुक्यात त्याची मोटारसायकल घसरली. रस्त्याच्या कडेला बराच वेळ तसाच पडून होता म्हणे. सिस्टर हॉस्पिटलमध्ये पोचल्या तेव्हा त्याचा हात गार पडला होता. त्यांनी तो दोन्ही हातांत घेऊन चोळायला सुरुवात केली. चोळून आता काही होणार नाही हे त्यांच्याइतकं त्या खोलीत कुणाला कळत नव्हतं, तरी तिथल्या नर्सने खांद्याला धरून बाजूला करेपर्यंत त्या चोळतच राहिल्या.

त्यानंतर घरात माणसांची रीघ लागली. येणारा प्रत्येक जण टाक्यांपुढे उभा राही, काय बोलावं ते सुचेना की डबीतलं चिमूटभर खाणं पाण्यात टाकी. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. पण पाणी नासलं आणि एकामागून एक टाक्या गेल्या. मांडणीच्या तळाची एक टाकी सोफ्याच्या आड होती ती कुणाला दिसली नाही, म्हणून तिच्यातली जोडी तेवढी वाचली.

मुलाच्या मित्राचं माशांचं दुकान होतं. त्याच्या बोलण्याला हवेच्या पंपासारखा खंड नसे, म्हणून सगळे त्याला बुडबुडे म्हणत. त्याने येऊन जोडी पाहिली आणि त्याच्या मानाने फार थोडक्यात सांगितलं. दोघंही उतारवयाचे आहेत, झाली तर एखादी वीण होईल. मुलाने ज्यांना ज्यांना पिल्लं दिली होती त्यांच्याकडची केव्हाच संपली होती. म्हणजे ही वीण हाती लागली नाही तर ती लाल रेघांची शेपटी पुन्हा दिसणार नाही.

त्या दिवसापासून दोघी या टाकीला धरून राहिल्या. सून चष्म्याच्या दुकानात नंबर तपासायची. तिचा भाऊ लांबच्या शहरात होता. तो फोन करून सारखा सांगायचा की इकडे ये, इथे तुझ्यासाठी नोकरी बघून ठेवली आहे, तिथे किती दिवस बसणार आहेस. ती म्हणायची, माशांचं काहीतरी होऊ दे, मग बघू. सिस्टर स्वयंपाकघरातून हे ऐकायच्या आणि मुद्दाम भांडी वाजवायच्या. मासे आहेत तोवर पोरगी आहे, हा हिशेब त्यांना न मांडताही कळत होता. स्वतःच्या या हिशेबाची त्यांना लाजही वाटायची.

आणि आता ती पिवळी पडली होती.

मादीने पहिलं काम काय केलं तर नवऱ्याला हाकललं. तिच्या दुप्पट मोठा नर, पण तिने त्याचे पंख असे फाडले की त्याला काढून बादलीत ठेवावं लागलं. सिस्टर म्हणाल्या, बरोबर आहे, बाळंतिणीच्या खोलीत याचं काय काम. चार दिवसांनी नर बादलीतच मेला. सुनेने त्याला बाल्कनीतल्या कुंडीत पुरलं आणि बराच वेळ हात धूत राहिली.

पण पिल्लं बाहेर आली. एका सकाळी कुंडीच्या दारातून धुळीसारखा एक ढग निघाला आणि मादीच्या पोटाखाली तरंगू लागला. ती अंगाला झटका द्यायची, की सगळा ढग तळाला बसायचा. धोका टळला की पुन्हा उठायचा. सिस्टरांनी स्टूल ओढलं आणि त्या तिथेच बसल्या. त्यांची ड्युटी लागली. पाण्यात हात घालण्याआधी त्या कोपरापर्यंत साबण लावून हात धुवायच्या. तळाची घाण काढायला त्यांनी सलाईनची नळी आणली. मिठाच्या पाण्याच्या बाटलीत बारीक किडे उबवून ते औषधाच्या ड्रॉपरने पिल्लांच्या तोंडाशी सोडायला लागल्या. शेजारीण म्हणाली, सिस्टर तुम्ही दहा वर्षांनी तरुण दिसायला लागलात. त्यावर सिस्टरांनी तिला आवाज खाली करायला सांगितलं, आत लहान मुलं आहेत म्हणून.

मग थंडीची लाट आली. सकाळी खिडकीच्या काचा आतून ओल्या व्हायला लागल्या. एके दिवशी सिस्टरांना टाकीच्या तळाशी पांढुरकी पडलेली काही पिल्लं दिसली. दुसऱ्या दिवशी आणखी दिसली. त्यांनी नळीने ती ओढून घेतली, बशीत घेतली, चष्मा लावून पाहिली, आणि टाकीच्या हीटरची चकती फिरवली. दोन अंश.

सून कामावर निघाली होती. ती चप्पल घालता घालता थांबली.

"आई, तो ती चकती कधी हलवू द्यायचा नाही. थंडीतसुद्धा."

"का?"

"का ते माहीत नाही. पण एकदा मी वाढवली होती तर ओरडला होता माझ्यावर."

"त्याला काय कळतंय," सिस्टर म्हणाल्या. तो समोर असल्यासारखंच म्हणाल्या. "अगं, माझा जन्म गेला यात. मुठीएवढी पोरं जगवलीत मी. औषध नंतर, दूध नंतर, पहिली ऊब. लहान जीव एकदा गार पडला की हातचा गेला."

सून सासूच्या चेहऱ्याकडे बघत उभी राहिली. मग तिने दुसरी चप्पल घातली आणि ती गेली. त्या विषयावर पुन्हा कुणी बोललं नाही, आणि बोलायला कारणही उरलं नाही, कारण त्या दिवसापासून एकही पिल्लू मेलं नाही. उलट ती भराभर वाढायला लागली. बाहेर माणसं स्वेटरात गारठत होती आणि टाकीची काच हाताला कोमट लागत होती. सिस्टर येता-जाता तिला तळवा लावून बघायच्या. त्यांच्या मनात पुष्कळदा यायचं की त्या सकाळी कुणी त्याच्या अंगावर नुसती चादर टाकली असती तरी. पुढचं त्या मनातसुद्धा पूर्ण करत नसत.

थंडी सरली. पिल्लांना आता आईची गरज राहिली नाही, तसं सुनेने त्यांना मोठ्या टाकीत हलवलं. मादी आपल्या जुन्या टाकीत एकटी राहिली आणि पुन्हा पानांच्या रंगाची झाली. पिल्लांच्या शेपट्या लांबायला लागल्या. पहिल्या पिल्लाच्या शेपटीला लाल रेघ दिसली त्या दिवशी सुनेने सिस्टरांना हाक मारली आणि दोघी जमिनीवर बसून, गुडघे दुखेपर्यंत बघत राहिल्या. दुसऱ्या पिल्लालाही होती. तिसऱ्यालाही होती. सिस्टरांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. त्याची शेपटी आली होती. भावाचा फोन आला तेव्हा सून म्हणाली की आत्ता नको, आता तर यांच्या जोड्या लावायच्या आहेत.

जोड्या लावायला बुडबुडेला बोलावलं. तो दारातूनच बोलत आला. दुकानातल्या पंपाची तक्रार, गिऱ्हाइकांची तक्रार, सिस्टरांनी केलेल्या बाळंतपणाची सगळ्या शौकिनांत कशी चर्चा आहे ते, सगळं एका दमात. बोलत बोलत टाकीपुढे बसला. एका बाजूने बघितलं, उठून दुसऱ्या बाजूने बघितलं. बोलणं हळूहळू कमी झालं आणि मग थांबलं. बुडबुडे गप्प झाला तशी सून हातातलं काम टाकून टाकीपाशी आली.

"सिस्टर," तो म्हणाला, "यात मादी दिसत नाही."

"मादी लहान असते. मागे कुठेतरी असेल."

त्याने जाळी मागितली. एकेक पिल्लू अलगद धरून काचेच्या छोट्या डबीत घेतलं, उजेडाकडे वळवून पाहिलं आणि परत सोडलं. सगळी पाहून झाल्यावर जाळी पुसत बसला. सगळे नर होते. देखणे, लांब शेपटीचे, एकजात नर.

सिस्टर म्हणाल्या, असं कसं होईल, देवाघरून येतानाच ठरलेलं असतं की हे. माणसांत असतं, तो म्हणाला, पण या माशांत पहिल्या काही आठवड्यांत पाण्यावर ठरतं. पाणी गरम असेल तर नर होतात. फार गरम लागतं असंही नाही. मग चाचरत त्याने विचारलं, हीटर वाढवला होता का.

सुनेने खाली बघितलं. तिने खाली बघितलेलं सिस्टरांना दिसलं.

"पहिल्यांदा सगळेच करतात ही चूक," बुडबुडे घाईघाईने म्हणाला. "त्यानेपण केली होती. पहिल्या विणीला त्याच्याकडेही सगळे नर. माझ्या दुकानात येऊन बसला होता तोंड पाडून, लहान पोरासारखा. म्हणाला, मला वाटलं त्यांना थंडी वाजत असेल."

सिस्टरांनी पदर तोंडाला लावला आणि त्या आत गेल्या.

बुडबुडे सुनेला हळू आवाजात सांगत राहिला. म्हातारी मादी आता अंडी घालायची नाही, तिचं पोट बसलंय. पण नर चांगले आहेत, दुसऱ्यांकडच्या माद्यांशी जमवता येतील. पहिल्या पिढीत शेपटी जाईल, पुढे कधीतरी अर्धीमुर्धी परत येईलही. अर्धं का होईना, त्याचंच असेल. सून मान हलवत होती.

संध्याकाळी दिवे लावायचे राहून गेले होते. सिस्टर स्वयंपाकघरात खुर्चीवर बसल्या होत्या, समोर निवडायला घेतलेली भाजी तशीच. सून येऊन शेजारी बसली आणि भाजी निवडायला लागली.

"तू सांगितलं होतंस मला," सिस्टर म्हणाल्या.

"मला तरी कुठे कारण माहीत होतं, आई. नुसतं आठवत होतं."

"जोर करून सांगायचं होतंस."

"तुम्ही ऐकलं नसतं."

"नसतंच ऐकलं," सिस्टर म्हणाल्या. त्यांनीही पुढ्यातली भाजी ओढून दोन देठ मोडले. मग त्या म्हणाल्या, "त्याचा हात फार गार होता गं."

सुनेने भाजी बाजूला ठेवली. इतक्या महिन्यांत दोघी एकमेकींसमोर कधी रडल्या नव्हत्या. एक रडायची तेव्हा दुसरी काहीतरी काम काढून बाहेर जायची. त्या दिवशी कुणी बाहेर गेलं नाही. सिस्टरांना रडू आवरेना आणि आवरावंसंही वाटेना. आपण त्याला दुसऱ्यांदा घालवलं, असं त्या म्हणत राहिल्या. सून त्यांचा हात धरून बसली. तसं नाही, असं काही ती म्हणाली नाही, आणि सिस्टरांना तेच बरं वाटलं.

बऱ्याच वेळाने सिस्टरांनी डोळे पुसले, उठून दिवा लावला, आणि सुनेकडे पाठ करूनच म्हणाल्या, "पिल्लं मोठी झाली, पोरी. आता तू तुझं बघ."

"तुम्हाला एकटीला टाकून?"

"मी काय काचेची आहे? भावाला फोन कर. मी ऐकत्येय तोवर कर, नाहीतर उद्या माझंच मन फिरेल."

तिने फोन केला. सिस्टरांनी त्या दिवशी भांडी वाजवली नाहीत.

नर न्यायला बुडबुडे आला तेव्हा सगळं सामान बरोबर घेऊन आला. पिशव्यांत निम्मं पाणी, वर हवा, तोंडाला रबर. एका पिशवीत एकच मासा, कारण नर एकमेकांना सहन करत नाहीत. सिस्टरांनी प्रत्येक पिशवी उजेडात धरून बघितली, गळत नाही ना याची खात्री केली आणि मगच त्याच्या हातात दिली. वॉर्डातून बाळ घरी जाताना त्या असंच करायच्या, दुपटं नीट आहे की नाही बघून मगच आईच्या हातात द्यायच्या, आणि पाठमोऱ्या आईकडे कधी बघत बसायच्या नाहीत. बुडबुडे म्हणाला, एखादा ठेवून घ्या, आठवण म्हणून. सिस्टर म्हणाल्या की नको, जाऊ देत सगळे, आपापल्या संसाराला लागू देत.

सून पुढच्या आठवड्यात गेली. जाताना तिने टाकीचं पाणी बदललं, फिल्टरचा स्पंज पिळून लावला आणि बुडबुडेला बजावलं की दर आठवड्याला म्हातारीकडे लक्ष द्यायला येत जा. कुठल्या म्हातारीकडे, असं सिस्टरांनी विचारलं. तिघंही हसले. मग गाडीची वेळ झाली.

घर एवढं शांत झालं की फिल्टरचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत यायचा. मादी कुंडीच्या आत पडून असायची. कोरडं खाणं तिने सोडलं. आठवडी फेरीला आलेल्या बुडबुडेने तिचं रिकामं पोट बघितलं आणि दुसऱ्या दिवशी दुकानातून पाण्यातल्या जिवंत पिसवा आणून दिल्या. टाचणीच्या डोक्याएवढ्या, पाण्यात उड्या मारत पोहणाऱ्या. हलणारं खाणं दिसलं की म्हातारे मासेही उठतात, असं तो म्हणाला.

सिस्टरांनी कोपरापर्यंत हात धुतले आणि वाटीभर पिसवा टाकीत सोडल्या. पांढुरका ढग पाण्यात पसरला. बराच वेळ काही झालं नाही. मग मादी कुंडीच्या दारात आली. सिस्टर स्टूल ओढून बसल्या, खाते का ते बघायला.

ती खात नव्हती. ती त्या ढगाभोवती एक फेरी मारून आली, मग दुसरी. एक पिसू लांब भरकटली होती, तिला तिने तोंडात धरलं, परत आणलं आणि घोळक्यात सोडलं. अंगाला झटका दिला. पिसवा काही पिल्लांसारख्या खाली बसल्या नाहीत, तशाच उड्या मारत राहिल्या. तिने पुन्हा झटका दिला. आणि तिच्या मळकट अंगावर, आधी गालापाशी आणि मग पोटाकडे, पिवळा रंग चढायला लागला.

दुपारी बुडबुडेचा फोन आला, म्हातारीने खाल्लं का विचारायला.

सिस्टर टाकीकडे बघत होत्या. मादी आता पूर्ण पिवळी झाली होती आणि काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत आपला घोळका राखत होती.

"खाल्लं," त्या म्हणाल्या. "पण यापुढे तिला दुसरं काहीतरी आणून दे. मेलेलं चालेल."